फरारी कर्ता

सेवानिवृत्त झालेल्या इंग्रजीच्या मास्तराचे पुढे काय करावयाचे, या प्रश्नाचा विचार शिक्षणखात्याने केलेला नसला, तरी शेजाऱ्यांनी तो पुरेपूर केलेला असतो. नोकरीत असताना ज्या विद्येचा महिन्याच्या एक तारखेला काही ना काही मोबदला मिळत असे, ती विद्या निवृत्तीनंतर चाळीतल्या नळासारखी होते. कोणीही यावे, तोटी सोडावी आणि आपली घागर भरून न्यावी. आमच्याकडून आजवर लग्नपत्रिकांचे इंग्रजी, दुकानांच्या पाट्यांचे इंग्रजी, विमा कंपनीशी भांडावयाचे इंग्रजी अशा नाना घागरी भरून गेल्या आहेत. परंतु गेल्या मार्गशीर्षात समोरच्या बिऱ्हाडातले चिरंजीव 212 पानांचा प्रबंध काखोटीला मारून आले आणि “काका, फक्त इंग्रजी बघा, रसायनशास्त्र बघू नका,” असे म्हणून त्यांनी तो आमच्या मांडीवर ठेवला, तेव्हा आता घागर नव्हे, टँकर भरून द्यावयाचा आहे, हे आमच्या ध्यानात आले.

रसायनशास्त्र बघू नका, ही सूचना अनावश्यक होती. आमचा आणि त्या शास्त्राचा संबंध चहात साखर विरघळण्यापलीकडे कधी गेला नाही. आम्ही लाल पेन्सिलीला टोक केले, चष्मा पुसला आणि प्रयोगांचे प्रकरण उघडले. पहिलेच वाक्य होते : ‘टू ग्रॅम्स ऑफ द सॉल्ट वेअर टेकन.’ आम्ही ताबडतोब ‘वेअर’च्या जागी ‘वॉज’ केले. कारण मोजून घेतलेले दोन ग्रॅम हे इंग्रजी व्याकरणात दोन असामी नसून एकच ढीग असतो, सबब त्याला क्रियापद एकवचनी. पहिल्याच चेंडूवर गडी बाद झाल्याचा आनंद आम्हांला झाला खरा, पण तो पुढल्या ओळींनी टिकू दिला नाही. क्षार घेण्यात आला. मग तो पाण्यात टाकण्यात आला. ढवळण्यात आला, गाळण्यात आला, रात्रभर झाकून ठेवण्यात आला आणि सकाळी त्याचे वजन करण्यात आले. कोणाकडून, याचा पत्ता नाही. पाने उलटली, तरी प्रयोगशाळेत मनुष्यप्राणी म्हणून दिसेना. पछाडलेल्या वाड्यात मध्यरात्री भांडी जशी आपण होऊन सरकतात, तशी काचेची नळकांडी या पानावरून त्या पानावर सरकत होती.

“अरे, हे सगळे केले कोणी?” आम्ही विचारले.

“मीच की काका.”

“मग तसे लिही. ‘मी क्षार घेतला.’”

चिरंजिवांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हटले, “सरांना चालत नाही. ‘मी’ आला की शास्त्र संपलं, म्हणतात.”

वास्तविक ‘मी’ गेला की मोक्ष मिळतो, असे आमच्या संतांचे सांगणे. पण त्यासाठी वर्षानुवर्षे नामस्मरण करावे लागते. इंग्रजी भाषेने तीच अवस्था ‘पॅसिव्ह व्हॉइस’ नामक साध्या युक्तीने, साधकाला अंघोळदेखील करावयास न लावता, प्राप्त करून दिली आहे. आणि खरे सांगावयाचे, तर ही युक्ती परकीयही नाही. परवा आमच्या हातून कपबशी फुटली. आवाज ऐकून सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारले, “काय झालं?” आम्ही उत्तर दिले, “कपबशी फुटली.” या वाक्यात कपबशी आहे, फुटणे आहे, आम्ही कोठेच नाही. आमच्या माहितीतील कोणत्याही शास्त्रीय नियतकालिकाने हे वाक्य विनातक्रार स्वीकारले असते. परंतु सौभाग्यवतींनी विचारले, “फुटली की फोडलीत?” शोधनिबंधांच्या परीक्षकमंडळावर एखादी गृहिणी नेमावी, असे आम्हांला तेव्हापासून वाटत आले आहे.

ज्यांनी लहानपणी मराठी व्याकरणातील प्रयोग छडीच्या धाकाने पाठ केले, त्यांना आठवत असेल की, ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग होय. क्रियापद आंब्याच्या हुकमतीत गेलेले असते; आंब्याऐवजी कैरी खाल्ली, तर ते ‘खाल्ली’ होते. पण राम म्हणून जो इसम आहे, तो ‘ने’ या प्रत्ययाची काठी टेकीत वाक्याच्या दाराशी उभा असतो. त्याला घरी जाता येत नाही. इंग्रजी कर्मणीत मात्र राम ऐच्छिक आहे. आंबा खाल्ला गेला, एवढे म्हटले की वाक्य पुरे होते, व्याकरण संतुष्ट होते आणि राम मागल्या दाराने पसार होतो. आमच्या भाषेत ही सोय पूर्वी बेताचीच होती. ती भरभराटीला आणली कचेऱ्यांनी. ‘आपला अर्ज विचारात घेण्यात आला असून तो फेटाळण्यात येत आहे,’ असे पत्र ज्याला आले असेल, त्याला ठाऊक आहे की, त्या कचेरीत मामलेदारापासून शिपायापर्यंत कोणालाही धरले, तरी अर्ज फेटाळणारा सापडत नाही. प्रयोगशाळा आणि कचेरी या सख्ख्या बहिणी आहेत, आणि दोघींच्या घरचा कर्ता पुरुष फरारी आहे.

चमत्कार असा की, ज्यांनी हे शास्त्रीय इंग्रजी जन्मास घातले, त्यांच्या मनात असे काहीच नव्हते. लंडनची रॉयल सोसायटी 1660 साली स्थापन झाली, आणि तिने आपले ब्रीद म्हणून तीन लॅटिन शब्द निवडले. त्यांचा भावार्थ असा की, कोणाच्याही शब्दावर विसंबू नका. तिचा इतिहास थॉमस स्प्राट नावाच्या पाद्र्याने 1667 साली लिहिला. सोसायटी स्थापन होऊन सात वर्षे झाली नाहीत तोच तिचा इतिहास तयार होता. आमच्याकडे सात वर्षांत एखाद्या मंडळाची घटनादेखील मंजूर होत नाही. त्या ग्रंथात स्प्राटसाहेब अभिमानाने सांगतात की, आमच्या सभासदांनी अलंकारिक फुगवटा टाकून दिला असून, पंडितांच्या भाषेपेक्षा कारागीर, शेतकरी आणि व्यापारी यांची भाषा पसंत केली आहे. आम्ही या वचनाची परीक्षा पाहण्याचे ठरविले. आमच्याकडे खिडकीचे बिजागर बसवावयास सुतार आला होता. त्याला चिरंजिवांच्या प्रबंधातील एक परिच्छेद मराठीत समजावून सांगितला. त्याने तो शांतपणे ऐकला आणि विचारले, “साहेब, हे कोर्टाचं आहे काय?”

न्यूटनचेच पाहा. प्रकाश आणि रंग यांविषयीचे त्याचे प्रसिद्ध पत्र 1672 साली सोसायटीच्या मुखपत्रात छापले गेले, तेव्हा ते मुखपत्र सुरू होऊन सातच वर्षे झाली होती. त्यात हा गृहस्थ सरळ सांगतो की, मी एक त्रिकोणी काच मिळविली, मी माझी खोली अंधारी केली, खिडकीच्या फळीला भोक पाडले, आणि भिंतीवर पडलेले रंग पाहून माझी प्रथम छान करमणूक झाली. पुढे रंगांची ती पट्टी रुंदीच्या पाचपट लांब का, याचे त्याला नवल वाटले आणि तेथून शास्त्र सुरू झाले. आज हाच निबंध आमच्या चिरंजिवांच्या सरांपुढे गेला असता, तर त्यावर लाल शाईत शेरा पडला असता : ‘करमणुकीचा उल्लेख गाळावा. भोक पाडण्यात आले, असे लिहावे. खोली कोणाची, याच्याशी वाचकास कर्तव्य नाही.’

प्रथमपुरुषाचा हा बंदोबस्त एकवचनापुरताच आहे, असे कोणी समजू नये. अनेकवचनाचीही चौकशी होते, आणि ती करताना एका मांजराचे भले झाले. मिशिगन स्टेट विद्यापीठातील जॅक हेदरिंग्टन नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने 1975 साली हीलियमच्या एका प्रकाराविषयी निबंध लिहिला. निबंध एकट्याचा, पण सवयीप्रमाणे सर्वत्र ‘आम्ही असे दाखवितो’, ‘आम्हांस असे आढळते’ अशी भाषा. टंकलेखन पुरे झाल्यावर एका सहकाऱ्याने दाखवून दिले की, लेखक एकच असेल, तर ज्या नियतकालिकाकडे निबंध धाडावयाचा, ते ‘आम्ही’ खपवून घेत नाही. त्या काळी निबंध दुरुस्त करावयाचा म्हणजे तो यंत्रावर पहिल्यापासून बडवावयाचा. हेदरिंग्टनने विचार केला की, सगळी सर्वनामे बदलण्यापेक्षा एक लेखक वाढविणे सोपे. घरात चेस्टर नावाचा सयामी बोका होता. मांजराच्या शास्त्रीय नावाची दोन आद्याक्षरे, चेस्टरचे एक आणि त्याच्या तीर्थरूपांचे विलर्ड हे नाव आडनावादाखल, अशी जुळणी होऊन ‘एफ. डी. सी. विलर्ड’ हे सहलेखक सिद्ध झाले, आणि निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या मातबर नियतकालिकात छापूनही आला. काही प्रतींवर या सहलेखकाने पंजाचा ठसा उमटवून स्वाक्षरी केली. पुढे 1980 साली त्याच्या एकट्याच्या नावावर एक लेख फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झाला. ज्या विद्वानांना उभ्या हयातीत एक परदेशी भाषा साधत नाही, त्यांनी येथे क्षणभर मौन पाळावे.

ही हकीकत वाचल्यापासून आम्ही काहीसे अस्वस्थ आहोत. या लेखात आरंभापासून आम्ही ‘आम्ही’ लिहीत आलो आहोत, आणि उद्या कोणी हिशेब मागितला, तर आमच्या घरी मांजरही नाही. सौभाग्यवतींना सहलेखिका करावे, तर त्या मजकुराची जबाबदारी घेणार नाहीत.

पण विनोद बाजूस ठेवून बोलावयाचे, तर इंग्रजी ‘वुई’ची खरी खोड निराळीच आहे. आमच्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्यामध्ये चांगली दगडी भिंत आहे. ‘आम्ही जेवलो’ म्हटले की पाहुण्याला आपली पायरी कळते, आणि ‘आपण जेवू’ म्हटले की तो हात धुवावयास उठतो. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द. ‘वुई मेझर्ड द टेंपरेचर’ म्हणजे तापमान आम्ही मोजले, वाचकाचा तेथे काही संबंध नाही. आणि ‘फ्रॉम इक्वेशन थ्री वुई सी’ म्हणजे तिसऱ्या समीकरणावरून आपणांस दिसते, अर्थात वाचकालाही दिसले पाहिजे. समीकरण तीनवरून ज्याला काही दिसत नाही, तो बिचारा मुकाट्याने पान उलटतो. पाहुणा उपाशी असून ढेकर देतो, त्यातला प्रकार.

चिरंजिवांच्या प्रबंधात ‘द’ या उपपदाची वाटणी अशी होती की, जणू आंधळ्याने मीठ पेरले आहे. पाण्याला होता, मिठाला नव्हता. हवेला होता, सूर्याला नव्हता. आम्ही त्यांना आटपाट नगराची आठवण करून दिली. प्रथम येतो तो ‘एक’ राजा, आणि त्याला आवडती-नावडती राणी असते असे सांगताना तो ‘त्या’ राजाला होतो; तसा चंबू पहिल्यांदा ‘अ फ्लास्क’ म्हणून यावा आणि ओळख पटल्यावर ‘द फ्लास्क’ व्हावा. चिरंजिवांना हे इतके पटले की, त्यांनी यापुढे प्रत्येक प्रकरण कहाणीसारखे वाचण्याचे कबूल केले. चौथ्या प्रकरणात मात्र असे वाक्य आले : ‘हीटिंग टू एटी डिग्रीज, द प्रोफेसर ऑब्झर्व्हड द कलर.’ म्हणजे ऐंशी अंशांपर्यंत तापत जाऊन प्राध्यापकांनी रंगाचे निरीक्षण केले. वस्तुतः तापत होते द्रावण. पण वाक्याच्या रचनेने ते सगळे तापमान प्राध्यापकांच्या अंगी लावले. आम्ही हे दाखविले, तेव्हा चिरंजीव बराच वेळ विचार करून म्हणाले, “काका, चूक आहे, पण खोटं नाही.”

अशा वाक्यांवर ‘रेन आणि मार्टिन’ यांच्या व्याकरणाचा उतारा आम्ही उभा जन्म दिला. त्यांतील रेनसाहेब पूर्वी मुंबई इलाख्याच्याच शिक्षणखात्यात होते. पुढे ते कादंबऱ्या लिहू लागले आणि परकीय फ्रेंच पलटणीतील शिपायांवरील त्यांची ‘बो जेस्ट’ 1924 साली जगभर गाजली. वाळवंटातील लढाया त्यांना इतक्या जिव्हाळ्याने कशा रंगविता आल्या, याचा उलगडा इलाख्यातल्या पोरांच्या वह्या ज्यांनी तपासल्या आहेत, त्यांना वेगळा करून सांगावयास नको.

व्याकरण एक वेळ शिकता येते. शब्दांचे तसे नाही. शास्त्राने इंग्रजीतले साधे घरगुती शब्द नोकरीस ठेवले आणि त्यांचे स्वभाव बदलून टाकले. ‘सिग्निफिकंट’ म्हणजे महत्त्वाचे, असे आम्ही चाळीस वर्षे शिकविले. चिरंजिवांनी सांगितले की, तसे नाही. रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या आपल्या ग्रंथात रूढ करून दिलेल्या मापाने, मुळात काही परिणामच नाही असे धरून चालले असता, इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याचा संभव विसांत एकापेक्षा कमी असला, की तो फरक ‘सिग्निफिकंट’. मग तो व्यवहारात कवडीमोल का असेना. आमच्या ‘कार्य’ या शब्दाचेही पाठ्यपुस्तकांनी असेच मातेरे केले. पदार्थविज्ञानात बल आणि विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य. ज्याच्या घरी मुलीचे कार्य निघाले आहे, त्याला या व्याख्येत नवीन काही वाटणार नाही. बल भरपूर लागते आणि विस्थापन तर घरातल्या प्रत्येक पेटीचे होते.

नवीन शब्द पाडण्याचा उद्योग मात्र काही वेळा फार सुरेख साधला आहे. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, पुस्तक-बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी केलेला. विजेने द्रावणाचे विघटन कसे होते, हे त्याला दिसत होते, पण त्याला नावे देण्यापुरते ग्रीक येत नव्हते. त्याने 1834 साली केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या पंडिताला पत्र घातले, आणि उत्तरादाखल अॅनोड, कॅथोड, आयन असे शब्द घरपोच आले. त्यापूर्वी दीडेकशे वर्षे शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करविला होता, हे लक्षात घेता आपले लोक या व्यवसायात नवखे नाहीत. आमच्या पाठ्यपुस्तकांनी अॅनोडचे धनाग्र आणि कॅथोडचे ऋणाग्र केले, ‘आयन’ला मात्र तसेच राहू दिले. ते ठीकच झाले. कारण ‘आयन’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘जाणारे’, आणि उत्तरायण-दक्षिणायनातले आमचे ‘अयन’ म्हणजेही जाणेच. दोघेही एकाच प्राचीन धातूची लेकरे, एक यवनांच्या घरी वाढले, एक आपल्या घरी. आणि शेवटी भेट झाली ती मिठाच्या पाण्यात.

मोठ्या शोधाची नम्र भाषा हा तर एक स्वतंत्र अलंकार आहे. वॉटसन आणि क्रिक यांनी 25 एप्रिल 1953 च्या ‘नेचर’मध्ये डीएनएची रचना एका पानाहून थोड्याच अधिक जागेत मांडली, आणि आनुवंशिकतेची किल्ली सापडल्याची गोष्ट अखेरीस अशा दुहेरी नकाराच्या आडून सुचविली की, नवऱ्या मुलाच्या वडिलांनी धडा घ्यावा. स्थळ मनात भरलेले असते, पत्रिका जुळलेली असते, पण ते म्हणतात, “नापसंत म्हणण्यासारखं काही दिसत नाही, घरी विचारून कळवतो.” चिरंजिवांनी मात्र निष्कर्षाच्या प्रकरणात ‘यावरून सिद्ध होते’ असे ठोकून दिले होते. सरांनी त्याचे ‘यावरून सूचित होते’ केले. परीक्षकांनी ‘सूचित होऊ शकते’ केले. आणखी एक परीक्षक असता, तर ते वाक्य लाजून पानावरून उठून गेले असते.

प्रबंध आम्ही माघात परत केला. क्रियापदे जागेवर बसली होती, ‘द’ची नीट वाटणी झाली होती आणि 212 पानांत एकही ‘मी’ शिल्लक नव्हता. पंधरा दिवसांनी चिरंजीव पुन्हा दारात. त्यातल्या एका प्रकरणाचा निबंध करून त्यांनी एका परदेशी नियतकालिकाकडे धाडला होता. तेथून उत्तर आले की, मजकूर ठीक, परंतु आमच्या नियमानुसार शक्य तेथे कर्तरी प्रयोग वापरावा. वारे फिरले होते. ‘नेचर’सारखी मातबर नियतकालिकेही हल्ली लेखकांना हेच सांगतात. “सर म्हणतात कर्मणी, ते म्हणतात कर्तरी,” चिरंजीव म्हणाले, “आता मी जाऊ कुठं?” आम्ही त्यांना बसविले, पाणी दिले आणि म्हटले, “मराठीत ये. ‘मी क्षार विरघळविला.’ क्रियापद क्षाराच्या ताब्यात, म्हणजे कर्मणी; सर खूश. ‘मी’ दारात उभा; संपादक खूश.” चिरंजिवांचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी विचारले, “पण काका, हे इंग्रजीत कसं लिहायचं?”

अखेर निबंधात कर्तरी आणि प्रबंधात कर्मणी, असा तह झाला. चैत्रात प्रबंध बांधून आला, आणि चिरंजिवांनी काळ्या कापडी बांधणीची सोनेरी अक्षरांची एक प्रत पेढ्यांसह आणून दिली. आम्ही आधी ऋणनिर्देश उघडला. कारण हे एकच प्रकरण आमच्या पेन्सिलीखालून गेले नव्हते. तेथे 212 पाने कोंडून ठेवलेला ‘मी’ बांध फुटल्यासारखा बाहेर पडला होता. मी माझ्या गुरुवर्यांचा ऋणी आहे. मी माझ्या आईवडिलांचा, आजीचा, वसतिगृहाच्या खानावळवाल्याचा, रात्री प्रयोगशाळेचे कुलूप उघडून देणाऱ्या पहारेकऱ्याचा ऋणी आहे. ज्या मित्राने मला आपली मोटारसायकल दिली, त्याला मी विसरू शकत नाही. तीन पाने अशी. आम्ही बोट ठेवून एकेक नाव पाहत गेलो. तिसऱ्या पानाच्या तळाशी, सगळ्यांत शेवटची ओळ आमची होती.

‘द इंग्लिश वॉज करेक्टेड.’